आर्चर सी६ वर घरचा माइनक्राफ्ट सर्व्हर: पोर्ट फॉरवर्डिंग कुठे अडतं आणि का

टीपी-लिंकचा आर्चर सी६ बहुतेक घरांत वायफायसाठी येतो आणि त्याच्या वायफायबद्दल लिहिलेलं ढिगाने सापडतं. इथे तो एकाच कामावर तपासला आहे. घरच्या कॉम्प्युटरवर माइनक्राफ्टचा सर्व्हर चालू आहे, आणि कोथरूडमधला मित्र, नाशिकची मावसबहीण, न्यू जर्सीतला चुलतभाऊ अशा सगळ्यांना आपापल्या घरून त्यात शिरायचं आहे. त्यासाठी राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करावं लागतं, म्हणजे ठरावीक क्रमांकाच्या दारावर (पोर्टवर) बाहेरून आलेली जोडणी घरातल्या नेमक्या कॉम्प्युटरकडे पाठवायचा नियम लिहावा लागतो, आणि नेमकं तिथेच घोडं पेंड खातं.

निकाल आधीच सांगून टाकू. दोन-अडीच हजारांच्या घरात या कामासाठी आर्चर सी६ चांगला राउटर आहे. मेनू स्वच्छ आहे, केलेले नियम वीज जाऊन आली तरी टिकतात, आणि सगळं मिळून दहा मिनिटांचं काम आहे. पण ‘पोर्ट उघडतच नाही’ म्हणून जो राउटर दुकानदाराकडे परत जातो, तो बहुधा निर्दोष असतो. अडथळा त्याच्या पुढे असतो: फायबरवाल्याने भिंतीवर लावलेल्या डब्यात, किंवा इंटरनेट कंपनीच्या जाळ्यात. म्हणून राउटरच्या सेटिंगला हात लावण्याआधी हा पुढचा भाग तपासायचा.

हार्डवेअरबद्दल थोडक्यात. एक वॅन (इंटरनेटकडचा) आणि चार लॅन (घरातल्या यंत्रांकडचे) असे केबलचे पाचही पोर्ट गिगाबिट आहेत. याच कंपनीच्या सी२० आणि सी५० मध्ये ते १०० एमबीपीएसचेच असतात, त्यामुळे २०० चा प्लॅन असेल तर अर्धा वेग पोर्टमध्येच अडकतो. वायफाय पाचव्या पिढीचं, एसी१२००, म्हणजे पाच गिगाहर्ट्झवर ८६७ आणि २.४ वर ३०० एमबीपीएस, अर्थात कागदावर. यूएसबी पोर्ट नाही. सर्व्हरच्या दृष्टीने यातले लॅन पोर्ट महत्त्वाचे, कारण सर्व्हरचा कॉम्प्युटर केबलनेच जोडायचा. एका खेळाडूचं वायफाय डगमगलं तर त्याचा एकट्याचा खेळ अडखळतो, सर्व्हरचं डगमगलं तर सगळ्यांचा. कॅट ५ई केबल पुरते.

वेगाची काळजी फारशी नको. दर खेळाडूमागे १ एमबीपीएस अपलोड धरला तरी पाच-सात जणांसाठी साधा फायबर प्लॅन भरपूर होतो. मात्र बघायचा तो अपलोड. जाहिरातीत छापलेला आकडा डाउनलोडचा असतो.

आधी वॅन आयपी बघा

राउटरला जोडलेल्या कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ उघडा, ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये नेटवर्क आणि त्यात स्टेटस. इंटरनेटच्या रकान्यात जो आयपी, म्हणजे जोडणीचा पत्ता, दिसतो तो लिहून घ्या. मग दुसऱ्या टॅबमध्ये ‘व्हॉट इज माय आयपी’ असं शोधा आणि तिथला आयपीव्ही४ आकडा, म्हणजे टिंबांनी जोडलेल्या चार आकड्यांचा पत्ता, बघा. व्हीपीएन चालू असेल तर आधी बंद करा, नाहीतर ही तुलना फुकट जाते.

दोन्ही आकडे तंतोतंत सारखे असतील तर तुमच्याकडे सार्वजनिक आयपी आहे. पुढचा भाग सोपा आहे.

राउटरवरचा आकडा १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर भिंतीवरचा फायबरचा डबा, म्हणजे ओएनटी, स्वतःच राउटर बनून बसला आहे आणि आर्चर त्याच्या पोटात आहे. एका पत्त्यामागे अनेक यंत्रं बसवण्याच्या कामाला नॅट म्हणतात; ते इथे दोनदा होतं, म्हणून हे डबल नॅट. हे घरातल्या घरात सुटतं.

आकडा १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यातला असेल, तर ते सीजीनॅट, म्हणजे इंटरनेट कंपनीच्या जाळ्यातलं नॅट. हा पट्टा २०१२ साली खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. आकडा १० ने सुरू होत असेल तरीही बहुधा हाच प्रकार असतो. आशिया-पॅसिफिकला आयपीव्ही४ पत्ते वाटणाऱ्या एपीनिक या संस्थेकडचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्येच तळाला गेला. त्यानंतर वाढलेल्या ग्राहकांना कंपन्या एकेका सार्वजनिक पत्त्यामागे गटाने बसवतात. शंभर बिऱ्हाडांच्या चाळीचा एकच पत्ता असावा आणि दारावर खोली क्रमांक नसावेत, तसं हे आहे. आतून पत्र टाकता येतं, त्याचं उत्तरही येतं, पण बाहेरून कुणी आपणहून आलं तर त्याला कुठल्या खोलीत पाठवायचं हे कुणालाच ठाऊक नसतं. अशा जोडणीवर आर्चर सी६ असो की वीस हजारांचा राउटर, पोर्ट फॉरवर्डिंगचा नियम कितीही अचूक भरला तरी उपयोग शून्य. बाहेरची जोडणी तुमच्या राउटरपर्यंत पोहोचतच नाही.

एक बारकावा इथे लक्षात ठेवायचा. डबल नॅटच्या मागे सीजीनॅट लपलेलं असू शकतं. आर्चरवर १९२.१६८ दिसतं म्हणून ओएनटी दुरुस्त करत बसाल आणि ते झाल्यावर १००.७० असा आकडा समोर येईल. म्हणून ओएनटीच्या पानावर जाऊन त्याचा स्वतःचा वॅन आयपी आधीच बघून घ्या. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधून ‘ट्रेसर्ट’ या आज्ञेनंतर तुमचाच सार्वजनिक आयपी टाकला तरी अंदाज येतो: एका टप्प्यात पोहोचलं तर ठीक, मध्ये १०० किंवा १० ने सुरू होणारे टप्पे दिसले तर सीजीनॅट.

सीजीनॅट निघालं तर इंटरनेट कंपनीला फोन करायचा, आणि मागणी नेमक्या शब्दांत करायची: ‘मला सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता हवा आहे, तो बदलता असला तरी चालेल.’ नुसतं ‘पोर्ट उघडून द्या’ म्हटलं की समोरचा माणूस राउटर रीसेट करायला सांगतो आणि तक्रार बंद होते. स्टॅटिक आयपी बऱ्याच कंपन्या महिन्याला वेगळे पैसे घेऊन देतात. गावाकडच्या किंवा सोसायटीतल्या केबलवाल्याकडे थेट तंत्रज्ञाशी बोलता येत असेल तर काम लवकर होतं. पत्ता दिला असं कंपनीने सांगितल्यावर ओएनटी आणि राउटर दोन्ही बंद-चालू करून वॅन आयपी पुन्हा पडताळा. त्यांच्या कागदावर बदल झालेला असतो आणि तुमची जोडणी मात्र जुन्याच सत्रावर चालू असते.

डबल नॅट सोडवण्याच्या वाटा

सगळ्यात चांगली वाट म्हणजे ओएनटी ब्रिज मोडमध्ये टाकून घेणं. मग तो फक्त प्रकाशाचा सिग्नल विजेत बदलतो आणि इंटरनेटची खरी जोडणी आर्चरच करतो. आर्चरमध्ये नेटवर्क, इंटरनेट, तिथे जोडणीचा प्रकार पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने होणारी जोडणी) निवडा आणि कंपनीने दिलेलं युजरनेम-पासवर्ड भरा. ते तुमच्याकडे नसतं, मागून घ्यावं लागतं, आणि ब्रिज करण्याआधीच मागून घ्या. नंतर घरात इंटरनेटच उरत नाही. पीपीपीओई भरूनही जोडणी होत नसेल तर व्हीलॅन क्रमांकाचा, म्हणजे एकाच तारेतली वाहतूक वेगवेगळी ठेवणाऱ्या खुणेचा, प्रश्न असतो. काही कंपन्यांची जोडणी ठरावीक व्हीलॅनवरच चालते. आर्चरमध्ये हा क्रमांक इंटरनेटच्या पानावर मिळत नाही. तो आयपीटीव्ही/व्हीलॅन या पानावर, मोड ‘कस्टम’ केल्यावर भरता येतो. ही जागा चुकीची आहे असं आमचं स्पष्ट मत आहे, कारण टीव्हीशी संबंध नसलेला माणूस तिथे बघणारच नाही. आणखी एक गोष्ट: फोन त्याच ओएनटीला लावलेला असेल तर ब्रिज करताना तंत्रज्ञाला तसं आवर्जून सांगा, नाहीतर लँडलाइन बंद पडू शकते.

ब्रिज करून देत नसतील तर ओएनटीमध्ये डीएमझी शोधा आणि तिथे आर्चरचा वॅनकडचा आयपी टाका. मग ओएनटीकडे आलेली प्रत्येक अनोळखी जोडणी आर्चरकडे ढकलली जाते, आणि पुढचं फॉरवर्डिंग आर्चर करतो. इथे डीएमझी सुरक्षित आहे, कारण मागे अनोळखी जोडण्या अडवणारी आर्चरची फायरवॉल उभी आहे. हाच डीएमझी आर्चरमध्ये चालू करून त्यात थेट कॉम्प्युटरचा आयपी टाकू नका. तसं केलं तर विंडोजचं प्रत्येक उघडं पोर्ट जगासमोर येतं. ओएनटीकडून आर्चरला मिळणारा आयपी मात्र पक्का करून ठेवा, नाहीतर तो बदलला की डीएमझी रिकाम्या जागेकडे बोट दाखवत बसतो.

तिसरी वाट आर्चरला ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकून फॉरवर्डिंग ओएनटीमध्येच करण्याची. चालते, पण मग या राउटरच्या परीक्षणाचा विषयच संपतो. त्या मोडमध्ये आर्चरचा नॅट फॉरवर्डिंगचा मेनू दिसत नाही. ‘माझ्या सी६ मध्ये हा पर्यायच नाही’ असं कुणी म्हणालं की आधी ऑपरेशन मोड बघायचा.

आर्चरमधली मांडणी

पहिलं काम सर्व्हरच्या कॉम्प्युटरचा आयपी पक्का करण्याचं. नेटवर्क, डीएचसीपी सर्व्हर, ॲड्रेस रिझर्व्हेशन. यादीतून कॉम्प्युटर निवडा, त्याला समजा १९२.१६८.०.१५० द्या, सेव्ह करा आणि कॉम्प्युटरची केबल काढून पुन्हा लावा. आरक्षण मॅक पत्त्यावर, म्हणजे यंत्राच्या जोडणीच्या स्वतःच्या ओळखक्रमांकावर, चालतं, आणि लॅपटॉपच्या केबलच्या पोर्टचा आणि वायफायचा मॅक वेगवेगळा असतो. वायफायवर असताना आरक्षण केलं आणि नंतर केबल लावली तर कॉम्प्युटरला भलताच आयपी मिळतो आणि सगळं चालत असलेलं अचानक बंद पडतं. विंडोजमधली ‘रँडम हार्डवेअर ॲड्रेस’ ही सोयसुद्धा याच कारणासाठी बंद ठेवायची.

मग नॅट फॉरवर्डिंग, पोर्ट फॉरवर्डिंग. जुन्या हार्डवेअरवर याच पानाचं नाव व्हर्च्युअल सर्व्हर्स आहे. ‘ॲड’ दाबल्यावर पाच गोष्टी भरायच्या. सर्व्हिसचं नाव काहीही चालतं. डिव्हाइस आयपी १९२.१६८.०.१५०. एक्स्टर्नल पोर्ट २५५६५. इंटर्नल पोर्ट तोच, किंवा रिकामा ठेवला तरी राउटर तोच धरतो. प्रोटोकॉल टीसीपी. ‘एनेबल धिस एंट्री’ वर खूण आहे ना हे बघून सेव्ह.

प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे माहिती पाठवायच्या टीसीपी आणि यूडीपी या दोन पद्धतींमध्ये, खूप गल्लत होते. माइनक्राफ्टची जावा आवृत्ती टीसीपी २५५६५ वर चालते. बेडरॉक, म्हणजे मोबाइल, एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशनवरची, यूडीपी १९१३२ वर. व्हॅल्हाइमला यूडीपी २४५६ आणि २४५७ लागतात, पालवर्ल्डला यूडीपी ८२११, फॅक्टोरिओला यूडीपी ३४१९७, टेरारियाला टीसीपी ७७७७. ‘ऑल’ निवडलं तर काम होतं, तरी जे लागतं तेवढंच उघडावं.

घरात दोन सर्व्हर असतील तर इंटर्नल पोर्ट कामी येतो. दुसऱ्या कॉम्प्युटरसाठी एक्स्टर्नल २५५६६ आणि इंटर्नल २५५६५ असा नियम करा. मित्रांनी पत्त्यानंतर कोलन (:) देऊन २५५६६ लिहायचं. पहिल्या सर्व्हरला पोर्ट लिहायची गरज नाही, गेम २५५६५ आपोआप धरतो. एकच एक्स्टर्नल पोर्ट दोन नियमांत वापरायला राउटर नकार देतो, ते बरोबरच आहे. तुम्ही तो कुठेही वापरला नसतानाही नकार आला तर यूपीएनपीच्या (प्रोग्रॅमना आपोआप पोर्ट उघडू देणाऱ्या सोयीच्या) पानावर बघा, एखाद्या प्रोग्रॅमने ते पोर्ट आधीच मागून घेतलेलं असतं. घरी सर्व्हर चालवणाऱ्याने यूपीएनपी बंदच ठेवावं. कुठलाही प्रोग्रॅम न विचारता दार उघडतो, ही सोय घराबाहेर दिसणाऱ्या यंत्रावर नको.

सर्व्हरच्या बाजूला ‘सर्व्हर.प्रॉपर्टीज’ या फाइलमध्ये ‘सर्व्हर-आयपी’ पुढची जागा कोरी सोडा. हौसेने तिथे आपला सार्वजनिक आयपी लिहिला की सर्व्हर सुरूच होत नाही आणि खिडकीत ‘फेल्ड टू बाइंड टू पोर्ट’ असा इशारा येतो. तो पत्ता राउटरचा आहे, कॉम्प्युटरचा नाही, म्हणून त्याला तो पकडता येत नाही. हाच इशारा सर्व्हर दोनदा सुरू झाला असेल तरीही येतो. टास्क मॅनेजरमध्ये जुनी जावा अजून चालू आहे का ते बघा.

तपासायचं आतून बाहेर

एकदम बाहेरच्या मित्राला बोलावून ‘येतंय का?’ विचारत बसू नका. आधी सर्व्हरच्याच कॉम्प्युटरवर गेम उघडून पत्ता ‘लोकलहोस्ट’ टाका. आत गेलात तर सर्व्हर ठीक आहे. मग घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरून १९२.१६८.०.१५०. इथे अडलं तर दोष विंडोजच्या फायरवॉलचा, किंवा दोघांपैकी एक जण गेस्ट नेटवर्कवर आहे. हे दोन्ही पार पडल्यावरच बाहेरून, म्हणजे घराचं वायफाय सोडून मोबाइल डेटावरच्या हॉटस्पॉटवरून सार्वजनिक आयपी टाकून बघायचं.

घरातल्याच वायफायवरून सार्वजनिक आयपी टाकून केलेली चाचणी फसवते. त्यासाठी राउटरमध्ये नॅट लूपबॅक, म्हणजे घरातूनच सार्वजनिक पत्त्यावर गेलेली जोडणी परत आत वळवायची सोय, लागतं, आणि ज्या ओएनटीत ते नसतं तिथे बाहेरचे सगळे आत येत असतानाही घरातल्याला ‘सर्व्हर बंद’ दिसतो.

गेम काय म्हणतो ते नीट वाचा. ‘अननोन होस्ट’ म्हणजे पत्त्याचं नाव चुकलं आहे. ‘कनेक्शन रिफ्युज्ड’ म्हणजे यंत्रापर्यंत पोहोचलो, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही: सर्व्हर बंद आहे किंवा पोर्टचा आकडा चुकला आहे. ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ म्हणजे वाटेत कुणीतरी गिळून टाकलं: सीजीनॅट, डबल नॅट, नियमातला चुकीचा आयपी किंवा फायरवॉल. यात एक गोम आहे. विंडोजची फायरवॉल चालू असेल तर बंद पोर्टवरही ती नकार न देता गप्प बसते, त्यामुळे नुसता सर्व्हर बंद असला तरी ‘टाइम्ड आउट’ दिसू शकतं. म्हणून आधी सर्व्हर चालू आहे याची खात्री, मग बाकीचं.

फायरवॉलची सगळ्यात चिवट अडचण अशी. सर्व्हर पहिल्यांदा सुरू केल्यावर विंडोज परवानगी विचारतं. घाईत ‘कॅन्सल’ दाबलं की विंडोज जावासाठी ब्लॉकचा नियम लिहून ठेवतं. पुढे तुम्ही २५५६५ साठी अलाऊचा नियम केलात तरी ब्लॉक त्याला भारी पडतो आणि काही केल्या दार उघडत नाही. विंडोज डिफेंडर फायरवॉलच्या ॲडव्हान्स्ड खिडकीत इनबाउंड रूल्स उघडा, ‘ओपनजेडीके प्लॅटफॉर्म बायनरी’ किंवा ‘जावा प्लॅटफॉर्म एसई बायनरी’ अशा नावाच्या ओळी शोधा, आणि ज्यांच्यापुढे लाल खूण आहे त्या काढून टाका. मग नवा नियम प्रोग्रॅमवर न करता पोर्टवर करा, टीसीपी २५५६५. प्रोग्रॅमवर केलेला नियम जावाच्या ठरावीक फोल्डरला चिकटलेला असतो, आणि जावा अपडेट झाली, फोल्डर बदललं की तो निकामी होतो. क्विक हीलसारख्या अँटीव्हायरसची स्वतःची फायरवॉल असते, तीही बघायची राहू देऊ नका.

पोर्ट उघडं आहे का हे सांगणारी संकेतस्थळं उपयोगी आहेत, पण ‘कॅन यू सी मी’सारखी स्थळं फक्त टीसीपी तपासतात आणि चाचणीच्या वेळी सर्व्हर चालू असावा लागतो. बेडरॉक किंवा व्हॅल्हाइमचं यूडीपी पोर्ट तिथे कायम बंदच दिसणार. बेडरॉकसाठी ‘एमसीसर्व्हस्टॅट’ वापरा, ते गेमच्याच भाषेत विचारतं आणि जावा-बेडरॉक दोन्ही ओळखतं.

वीज गेल्यावर

बदलता आयपी असेल तर महावितरणचा एक झटका पुरतो: ओएनटी बंद-चालू झाला की पत्ता बदलतो आणि मित्रांकडे असलेला जुना पत्ता मेला. यावर उपाय डायनॅमिक डीएनएस, म्हणजे पत्ता बदलला तरी त्याच्याकडेच नेणारं एक कायम नाव. आर्चरच्या नेटवर्क मेनूत ते आहे, टीपी-लिंकची स्वतःची सेवा, नो-आयपी आणि डिन-डीएनएस असे पर्याय मिळतात. टीपी-लिंकच्या सेवेसाठी त्यांचं खातं राउटरशी जोडावं लागतं. नो-आयपीचं फुकट नाव दर ३० दिवसांनी ईमेलमधून कायम करत राहावं लागतं, विसरलात तर नाव जातं. डक-डीएनएस आर्चरच्या यादीत नाही, ते वापरायचं तर सर्व्हरच्या कॉम्प्युटरवर त्याचा छोटा प्रोग्रॅम ठेवा.

राउटर आणि ओएनटीसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घेणं चांगलं, फक्त दोन्ही अडॅप्टरवर छापलेले अँपिअर बघून घ्या. कॉम्प्युटरचा स्लीप मोडही बंद करा. रात्री पोर्ट आपोआप बंद होतं अशी जी तक्रार असते, तिच्यामागे झोपलेला कॉम्प्युटर असतो.

दार उघडल्यावरची जबाबदारी

२५५६५ पोर्ट जगभर सतत चाचपलं जातं. सर्व्हर उघडल्यावर अनोळखी नावं दारात येणारच. म्हणून व्हाइटलिस्ट, म्हणजे फक्त परवानगी असलेल्यांची यादी, पहिल्या दिवसापासून चालू: सर्व्हरच्या खिडकीत ‘व्हाइटलिस्ट ऑन’, मग एकेकाचं नाव ‘व्हाइटलिस्ट ॲड’ने घाला. ‘ऑनलाइन-मोड’ ट्रूच ठेवा. विकत न घेतलेला गेम चालावा म्हणून तो फॉल्स केला जातो, पण मग गेम बनवणाऱ्या मोजँगकडून ओळख पटवली जात नाही, आणि कुणीही तुमच्या ॲडमिनचं नाव घेऊन आत येऊन पूर्ण सर्व्हर ताब्यात घेऊ शकतो. व्हाइटलिस्टही तिथे हतबल, कारण तीसुद्धा नावावरच विसंबते.

जुन्या मॉडपॅकसाठी (गेममध्ये घालायच्या बदलांच्या संचासाठी) जुना सर्व्हर चालवणाऱ्यांनी विशेष जपावं. डिसेंबर २०२१ मध्ये उघड झालेला लॉग४शेल हा दोष माइनक्राफ्टच्या १.७ ते १.१८ या आवृत्त्यांत होता. गप्पांच्या खिडकीत एक ओळ टाकून समोरच्या कॉम्प्युटरवर हवा तो प्रोग्रॅम चालवता येत असे. १.१८.१ मध्ये तो दुरुस्त झाला. १.१२.२ वरच राहायचं असेल तर मोजँगने त्या आवृत्तीसाठी सांगितलेला उपाय केल्याशिवाय पोर्ट उघडू नका. दुरून सर्व्हरला आज्ञा देणाऱ्या आरकॉनचं २५५७५ आणि विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ ही पोर्टं कधीच फॉरवर्ड करायची नाहीत. आर्चरचं रिमोट मॅनेजमेंटही बंद.

जिथे हा राउटर कमी पडतो

आयपीव्ही६, म्हणजे आयपीव्ही४ नंतरची, भरपूर पत्ते असलेली पद्धत. भारतात मोबाइल आणि फायबर दोन्हींवर आयपीव्ही६ खूप पसरलं आहे, जिओचं जाळं तर त्यावरच उभं आहे. आयपीव्ही६ मध्ये प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो, म्हणजे सीजीनॅटचं दुखणंच उरत नाही. फक्त राउटरच्या फायरवॉलमध्ये एक वाट उघडायची. आर्चर सी६ चं पोर्ट फॉरवर्डिंगचं पान आयपीव्ही४ पुरतं आहे, आणि आयपीव्ही६ ची वाट उघडायची सोय त्याच्या सगळ्या आवृत्त्यांत मिळत नाही. ही उणीव मोठी आहे, कारण सीजीनॅटमध्ये अडकलेल्यांना मध्ये दुसरी कुठली सेवा न घेता फुकटात सुटायची हीच एक वाट होती. टीपी-लिंकच्या संकेतस्थळावर राउटरच्या पानांची हुबेहूब नक्कल बघायला मिळते, एम्युलेटर म्हणून. खरेदीआधी तुमच्या हार्डवेअर आवृत्तीचं एम्युलेटर उघडून आयपीव्ही६ आणि सिक्युरिटीचे मेनू बघा. आयपीव्ही६ वर सर्व्हर ठेवायचा असेल तर मित्रांकडेही ते असावं लागतं, हे वेगळं.

कंपनी सार्वजनिक आयपी देत नसेल आणि आयपीव्ही६ ही जमत नसेल, तर राउटर बदलण्यात पैसे घालवू नका. प्लेइट डॉट जीजीसारखी टनेल सेवा कॉम्प्युटरकडून बाहेर जोडणी करते आणि मित्रांना एक पत्ता देते, त्यांना काही बसवावं लागत नाही. किंमत पिंगमध्ये, म्हणजे उत्तर यायला लागणाऱ्या वेळात, मोजावी लागते. टनेलचा थांबा परदेशात पडला तर पुण्याचा खेळाडू पुण्याच्याच सर्व्हरवर समुद्र ओलांडून येतो. टेलस्केल किंवा झीरोटिअर बहुधा थेट जोडणी करून देतात म्हणून पिंग चांगला राहतो, पण प्रत्येक मित्राने ते बसवायला हवं, आणि एक्सबॉक्स-प्लेस्टेशनवर ते जमत नाही. टेलस्केलचे पत्तेही १०० नेच सुरू होतात, त्याच सीजीनॅटच्या पट्ट्यातले. तो आकडा बघून आर्चरमध्ये काही शोधायला जाऊ नका.

घेताना खोक्यावरची आवृत्ती बघा. ‘व्हीईआर’ पुढे आकडा असतो, राउटरच्या तळाच्या लेबलवरही तोच. फर्मवेअर त्याच आवृत्तीचं आणि भारतासाठीचंच उतरवायचं, दुसरं चढवलं तर राउटर मरू शकतो. ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं मुक्त फर्मवेअर चढवून आयपीव्ही६ फायरवॉलची उणीव भरून काढायचा विचार असेल तर ते सी६ च्या काही आवृत्त्यांवरच चालतं, तेव्हा त्यांची यादी बघूनच दुकानात जा. आणि फर्मवेअर बदलण्याआधी सिस्टिम टूल्समधून सेटिंगची बॅकअप फाइल काढून ठेवा. आरक्षणं, फॉरवर्डिंगचे नियम आणि पीपीपीओईचा पासवर्ड, तिन्ही त्यात येतात.